पावण्याची गावपळण

संपादकांनी फोनवर सांगितलं, संगणकाबरोबर तुमचं आयुष्य गेलं, तेव्हा अगदी सुरुवातीपासून लिहा. सुरुवात मला नीट आठवत नाही. शेवट आठवतो, पण तो लिहायला घेतला की हात थांबतो. मी मुळातच सावकाश लिहिणारा. एक वाक्य झालं की ते कुणाला तरी वाचून दाखवायची सवय होती, आणि ज्याला दाखवायचं तो बाबल गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गेला. त्यामुळे हा लेख एका माणसाच्या दुरुस्तीशिवाय छापला जातो आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

मी शाळेत संगणक शिकवायचो. मुंबईला गेलेली आमची माणसं स्वतःच्या कचेरीतले जुने संगणक गावाला देणगी देतात. नवे कुणी देत नाही. ती यंत्रं सुरू व्हायला इतका वेळ घेत की मुलं तेवढ्यात पेज जेवून परत येत. मी त्यांत लिनक्स घालायला लागलो. ते फुकट असतं, हलकं असतं, आणि जुन्या यंत्राला उभं करतं. मग शाळेच्या पाठोपाठ वाचनालय आलं, मच्छीमारांची सोसायटी आली, पाद्रींचं ऑफिस आलं, शेजारच्या कट्टा गावातली दुकानं आली. निवृत्त झाल्यावरही हे सुटलं नाही. लोक समजतात मी संगणक दुरुस्त करतो. खरं तर मी फक्त पॅकेज घालतो आणि काढतो.

पॅकेज म्हणजे बांधून, तपासून ठेवलेलं पुडकं. लिनक्सचं इंटरनेटवर मोठं कोठार असतं, त्यात अशी पुडकी ठेवलेली असतात. तुम्ही एक मागितलं की यंत्र आधी बघतं, याला सोबत कोण कोण लागतं, आणि त्या सगळ्यांना घेऊन येतं. दशावतारी नाटक ठरवलं म्हणजे नुसता राजा येत नाही. पेटीवाला येतो, मृदंगवाला येतो, पेटारा उचलणारा येतो, तसं. काढताना हेच उलट. पेटीवाल्याला घरी पाठव म्हटलं की यंत्र विचारतं, मग राजाही जाईल, राणीही जाईल, चालेल का? आणि तुमच्या होकारासाठी थांबतं. शेवटी काही मंडळी उरतात. ती स्वतःहून आलेली नसतात, तुम्हीही त्यांना बोलावलेलं नसतं. दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीला ती आली आणि तो गेला. यंत्र त्यांची निराळी यादी दाखवतं: हे आपोआप आले होते, आता यांची कुणाला गरज नाही. त्यांना एका हुकमात झाडून टाकता येतं.

एवढं समजलं की माझा धंदा समजला. बाकी सगळी माणसं.

तोंडवलीला पर्यटकांना खोल्या देणारा एक गृहस्थ होता. कोठारातलं सगळं फुकट आहे, हे त्याला मी सांगायला नको होतं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "मग सगळा घाल." मी म्हटलं, सगळं म्हणजे काय, तुला काय लागतं ते सांग. तो म्हणाला, काय लागतं ते आधी कसं कळणार? मी ऐकलं नाही तर त्याने स्वतःच घातलं. मग एक दिवस त्याचा फोन आला की संगणकात जागा नाही, आणि पाहुण्याचं बिल करायला गेलं की आकाशातले ग्रह दिसतात. जाऊन बघतो तर रसायनशास्त्र, बुद्धिबळ, हिब्रू भाषेचे फाँट, तारांगण, सगळं होतं. काढायला बसलो की प्रत्येक नावाला तो म्हणे, हे राहू दे, एखादा गेस्ट विचारील. तारांगण तेवढं मी त्याची नजर चुकवून काढलं.

कट्ट्याला दोन भाऊ वेगळे झाले. दुकानाच्या मध्ये भिंत आली, वजनकाटा थोरल्याकडे, फ्रीज धाकट्याकडे. संगणक एकच, तेव्हा त्यातल्या पॅकेजांची वाटणी करायला मला बोलावलं. हिशेबाचं थोरल्याला, छपाईचं धाकट्याला, असं पंचांसमोर ठरलं होतं. मी समजावून सांगितलं की दोन्ही पॅकेजं खाली एकाच तिसऱ्या पॅकेजावर उभी आहेत. ते काढलं तर दोघांचंही जाईल. मग थोरला म्हणाला, "म्हंजे बाव." बाव म्हणजे विहीर. आमच्याकडे वाटणीत विहीर सामायिक ठेवतात. पंचांनी तसंच लिहून घेतलं, आणि संगणक भिंतीत खिडकी पाडून तिच्यात ठेवला. पडदा ज्याला लागेल तो आपल्याकडे फिरवून घेतो.

आता बाबल.

बाबल आमच्या गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. आमचं घर क्रिस्तांवांचं, म्हणजे ख्रिस्ती, त्याचं देवळाला लागून. पण आम्ही एका बाकावर शिकलो आणि पुढे एकाच कपाटातली पुस्तकं वाचून म्हातारे झालो. पन्नाशीनंतर काचबिंदूने त्याचे डोळे गेले. त्याने वाचनालय सोडलं नाही. कपाटं हाताने ओळखायचा, पुस्तकं पाठीवरून. पण देवघेव लिहिणार कशी, आणि नवं वाचणार कसं? तेव्हा मी वाचनालयाच्या संगणकात पडदा वाचून दाखवणारं पॅकेज घातलं. त्याच्या सोबतीला आणखी एक पॅकेज येतं, ते म्हणजे प्रत्यक्ष आवाज. वाचणारा काय म्हणायचं ते ठरवतो, आवाज ते म्हणतो.

हा आवाज मराठी बोलायचा, पण डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून तपासणीला आल्यासारखा. आमच्या वाड्यांची नावं तो अशी उच्चारी की त्या वाड्या दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असाव्यात. बाबलने त्याचं नाव पावणो ठेवलं. पावणो म्हणजे पाहुणा. मग तो त्याला सुधारायला बसला. कुठला शब्द कसा म्हणायचा, ते एका सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवता येतं. बाबल सांगायचा, मी लिहायचो, पावणो म्हणून दाखवायचा, आणि बाबल म्हणायचा, "नाय रे इनास, हो अजून एस्टीतसून उतरलो नाय." काही वर्षांत पावणो उतरला. 'खंय', म्हणजे 'कुठे', म्हणताना नाकात किती जायचं ते त्याला कळायला लागलं. बाबल त्याच्यावर चिडायचा, त्याला थांब म्हणायचा, वाचनालय बंद करताना त्याला सांगून जायचा.

हे सगळं वाचनालयाच्या अध्यक्षांना पसंत नव्हतं. ते मुंबईत मोठ्या जागेवरून निवृत्त होऊन आलेले, सरळ गृहस्थ, मनाने वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की आंधळा ग्रंथपाल बघून तपासणीवाले काय म्हणतील. एका हिवाळ्यात तपासणीची तारीख आली आणि त्यांनी सभेत सांगून टाकलं: बाबलने त्या दिवशी स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, अधिकाऱ्यांना देवघेव दाखवावी. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर समिती त्याला सन्मानाने विश्रांती देईल. 'सन्मानाने' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. घरी येताना बाबल व्हाळावरच्या साकवावर, ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, थांबून म्हणाला, "विश्रांतीत मी करू काय रे? मिटलेल्या डोळ्यांनी परत डोळे मिटू?"

आणि त्याच सुमारास देवाने गावपळणीचा कौल दिला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही उचलून नेतात. त्या दिवसांत गाव देवाचा. तिथे माणसाची चाहूल असता कामा नये. वेशीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि तीन दिवस सगळे तिथे रांधून खातात. आम्ही क्रिस्तांवही जातो. पाद्री त्या दिवसांत शेजारच्या गावात मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, म्हणतात. परत कधी यायचं तेही देवच सांगतो: पाषाणाला पाकळ्या लावून कौल घेतात, उजवी पडली तर चला, नाहीतर आणखी एक दिवस थांबा. तीन दिवस धरले तर तपासणी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी येत होती. म्हणजे अडचण काही नव्हती.

अडचण शेवंतामुळे आली. ती मासे विकून दुपारची वाचनालयावरून चालली होती. वीज गेली होती ती तेवढ्यात आली. आमचा संगणक वीज आली की आपोआप सुरू होतो, आणि सुरू झाला की पावणो बोलतो. वाचनालयाला बाहेरून कुलूप. आतून माणूस म्हणाला, "मी इलंय." मी आलोय, हे वाक्य बाबलनेच त्याला शिकवलेलं. शेवंता टोपली तिथेच टाकून थेट दाजी गावकरांच्या अंगणात गेली.

दाजी गावकर म्हणजे गावच्या देवळातले पहिले मानकरी. तेव्हाच ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी मला बोलावून शांतपणे विचारलं की गाव रिकामा असताना वीज जाऊन परत आली तर तो बोलेल की नाही. मी म्हटलं, बोलेल. "मग तो गावात कसो ऱ्हवतलो, मास्तरांनू?"

मी म्हटलं, संगणक बंद करून ठेवतो. दाजी म्हणाले, निजलेला माणूस गावात राहिला तर चालतं का? मी म्हटलं, वीजच तोडतो. ते म्हणाले, मग तो बेशुद्ध झाला, आणि बेशुद्ध माणसाला आम्ही खाटेवर घालून नेतो. मी म्हटलं, स्पीकर काढतो. दाजींनी माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं बघितलं. त्यांचा धाकटा भाऊ जन्मापासून मुका होता आणि प्रत्येक गावपळणीला सगळ्यांच्या आधी निघायचा.

राहिला एक उपाय. संगणकच उचलून वेशीबाहेर न्यायचा. त्याला अध्यक्षांची हरकत. यंत्राची नोंद वाचनालयाची मालमत्ता म्हणून झालेली होती. ठरावाशिवाय ते वास्तूबाहेर नेता येत नाही, ठरावाला सभा लागते, सभेला आधी नोटीस लागते, आणि तेवढ्या मुदतीत गावच निघालेला असणार. म्हणजे यंत्र बाहेर जाऊ शकत नव्हतं आणि आवाज आत राहू शकत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की एका प्रश्नाचं उत्तर माझ्या धंद्यात तंतोतंत होतं. मी म्हटलं, यंत्र राहू दे. मी आवाजाचं पॅकेज काढतो.

दाजींना ते पटलं, पण काढताना ते स्वतः बघणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून वाचनालयात आले. बाबल शेजारी बसला. मी हुकूम दिला, आणि यंत्राने यादी दाखवली: आवाज काढला तर हे हेही जातील. दाजींनी प्रत्येकाची चौकशी केली. वाचणारा जाईल, त्याचं बोलणं पोहोचवणारा जाईल. इथवर त्यांनी मान डोलावली; कुटुंब एकत्र जातं हे योग्यच. पुढे एक पॅकेज होतं, ज्याच्यात स्वतःचं काहीच नसतं, फक्त आपल्याबरोबर कोण कोण असावं एवढंच लिहिलेलं असतं. दाजींना ते कळेना. मी जरा विचार करून म्हटलं, अध्यक्ष. "असां, असां," म्हणाले, "मग जावंदे."

त्याखाली ती दुसरी यादी होती. मी तिचं मराठी करून सांगितलं: हे आपोआप आले होते, आता यांची कुणाला गरज नाही, हवं तर काढा. दाजी प्रथमच रागावले. म्हणाले, गरज नाही हे ठरवणारा हा कोण? काल आलेलं यंत्र. यांच्यातलं कोणी तुमच्याकडे तक्रार घेऊन आलं का? मी नाही म्हटलं. "मग तेंका कित्याक हात लावतास?" त्या यादीला आम्ही हात लावला नाही.

आता मुख्य प्रश्न राहिला, आणि तो बाबलच्या पोटात सकाळपासून होता. काढण्याचे दोन प्रकार असतात. एकात पॅकेज जातं पण त्याची सेटिंगं मागे राहतात. परत घातलं की ते जुन्या सवयींसकट उभं राहतं. दुसऱ्यात सगळं समूळ जातं. पावण्याला शिकवलेला प्रत्येक शब्द त्या सेटिंगांत होता. दाजींनी विचारलं, मागे काय उरतं का? खोटं बोलायचा माझा विचार झाला, पण दाजींच्या धुतलेल्या धोतराकडे बघून तो टिकला नाही. मी सांगितलं, उरतं. त्याच्या सवयी उरतात, त्याचं बोलणं कसं ते उरतं. तो स्वतः नसतो.

दाजींनी एकदा कपाटांवरून नजर फिरवली.

"कपडे दांडयेर ऱ्हवले तर चलतत," दाजी म्हणाले. "माणूस ऱ्हवता नये."

मी होकाराची कळ दाबली. यंत्र गप्प झालं. बाबलने कळा चाचपून बघितल्या, आणि म्हणाला, "गेलो." दाजी उठले, पण दारात थांबले. पावण्याला मारायला त्यांनी सांगितलं नव्हतं, बाहेर न्यायला सांगितलं होतं. तो आता कुठे आहे? मी म्हटलं, कोठारात सगळ्यांची मूळ प्रत असते, तो कुठेच गेलेला नाही, एका अर्थी तो सगळीकडे आहे. हे वाक्य देवाबद्दल बोलल्यासारखं झालं आणि मला आमच्या पाद्रींचं प्रवचन आठवलं. दाजींनी ते मानलं नाही. मग मी पॅकेजं पेन ड्राइव्हवर घेतली, सेटिंगांची एक प्रतही घेतली, आणि वेशीबाहेर माझ्या लॅपटॉपवर त्याला उतरवीन असं कबूल केलं. सोबत देवघेवीची यादीही द्यायला बाबलने लावली. मी विचारलं, तिचं तिथे काय काम? "पावणो रिकाम्या हातान खंय जाता?" तो म्हणाला.

ती पेन ड्राइव्ह बाबलने रुमालाच्या गाठीत बांधली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वेस ओलांडली. पुढे दाजींच्या गाई होत्या, मागे आमच्या घरच्या कोंबड्यांचा खुराडा हातगाडीवर.

ते तीन दिवस फार सुखाचे गेले. आमची झोपडी काजूखाली, बाबलची तिच्या पलीकडे. लॅपटॉप कुणाच्या तरी टेंपोच्या बॅटरीवर चार्ज व्हायचा. पावणो दुपारी वाचून दाखवी आणि बायका तांदूळ निवडत ऐकत. गावाबाहेर तो जास्त मोकळा झाला असं सगळ्यांचं मत पडलं. पहिल्या दिवशी दाजींनी गाऱ्हाणं घातलं, लेकराबाळांना सुखी ठेव, गुराढोरांना सुखी ठेव. प्रत्येक ओळीनंतर सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाबलने पावण्यालाही म्हणायला लावलं. तो नेहमी क्षणभर मागे राहायचा, त्यामुळे सगळा गाव गप्प झाल्यावर डब्यातून एकटाच "व्हय म्हाराजा" ऐकू यायचा. दाजींनी मागे वळून बघितलं आणि पुढचं मागणं मागितलं: पावण्यारावळ्याक सुखी ठेव.

मग परतायचा कौल घेतला आणि पाकळी डावी पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावी. दाजींनी हात जोडून सांगितलं, आज नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळी तसंच. आणि त्या दिवशी तपासणी होती.

अध्यक्षांनी फोन लावला तोवर अधिकारी बाई जीप घेऊन निघाल्या होत्या आणि त्यांना रेंज नव्हती. त्या आमच्या गावात पोहोचल्या. उघडी अंगणं, बंद दारं, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावर कुत्राही नाही. त्यांचं मूळ गाव पार विदर्भाकडचं. त्यांनी काय काय कल्पना केल्या ते नंतर त्यांनीच सांगितलं. ड्रायव्हर स्थानिक होता, त्याने जीप वळवली आणि त्यांना थेट काजूंखाली आणून उभं केलं.

त्यांनी अध्यक्षांना विचारलं की गाव कुठे आहे. अध्यक्ष शब्द शोधत होते तेव्हा दाजी म्हणाले, "गाव थंयच आसा, बाये. आम्ही हंय आसंव." बाईंना प्लास्टिकची खुर्ची आणि सोलकढी दिली. त्यांना सगळं समजावून झाल्यावर त्या म्हणाल्या की प्रथेबद्दल आपल्याला आदर आहे, पण अहवाल आजच्या तारखेचा हवा. वाचनालय बघितल्याशिवाय तो कसा द्यायचा? अध्यक्ष म्हणाले, तपासणी पुढे ढकलता आली तर बरं, ग्रंथपालाच्या बाबतीतही समिती वेगळा विचार करते आहे. हे त्यांनी हळू म्हटलं, पण आंधळ्या माणसाच्या जवळ हळू बोलण्यात अर्थ नसतो.

बाबल लॅपटॉप घेऊन पुढे आला. खुर्ची कुठे आहे ते आवाजावरून हेरून तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "मॅडम, वाचनालय इथेच आहे. आपण कुठलंही पुस्तक विचारा."

बाईंनी जरा थांबून एका प्रवासवर्णनांच्या संग्रहाचं नाव घेतलं. बाबलने कळा दाबल्या. पावण्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कुणाकडे आहे. ते पुस्तक तिसऱ्या झोपडीत उशाखाली निघालं. बाईंनी दुसरं विचारलं, ते चुलीजवळ. बायकांच्या आरोग्याचं पुस्तक शेवंताकडे, तिने ते मिरच्यांच्या डब्याखालून काढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की निघण्याच्या आदल्या दिवसांत वाचनालयात एवढी गर्दी का होती. तीन दिवस शेती नाही, मासेमारी नाही, टीव्ही नाही. माणसांनी जाताना तांदूळ, चटई घ्यावी तशी पुस्तकं घेतली होती. अर्धं वाचनालय वेस ओलांडून आलं होतं. यंत्र तेवढं ठरावाअभावी मागे राहिलं होतं.

बाई उठल्या आणि झोपडी-झोपडी फिरू लागल्या. बाबल पावण्याकडून यादी वाचून घेत मागून, मी लॅपटॉप धरून, मागून गाव. एका पुस्तकाचा कोपरा बकरीने खाल्ला होता, त्याची त्यांनी नोंद घेतली. शेवटी त्यांनी विचारलं, मुदतीबाहेर कुणाकडे काही आहे का? बाबल घुटमळला. पण कळ त्याने आधीच दाबली होती, आणि पावण्याला घुटमळणं शिकवलेलं नव्हतं.

"दाजी गावकर," तो म्हणाला. "बैलांचे रोग. पावसाळ्यापासून."

दाजींनी पावण्याकडे बघितलं. मग झोपडीत जाऊन पुस्तक आणलं, आणि ते बाईंच्या हातात न देता बाबलच्या हातात दिलं. म्हणाले, "म्हणान मी सांगी होतंय, ह्येका गावात ठेवू नका."

बाई हसल्या तेव्हा सगळे हसले, अध्यक्षही. बाईंनी खुर्चीवर बसून लिहिलं. काय लिहिलं ते अध्यक्षांनी नंतर वाचून दाखवलं: वाचनालय वाचकांच्या घरी सुस्थितीत आढळले, ग्रंथपालांनी देवघेव स्वतः दाखवली. सन्मानाने विश्रांतीचा विषय पुढच्या सभेत निघाला नाही. अध्यक्षांनी त्याऐवजी लॅपटॉप घ्यायचा ठराव मांडला, रीतसर नोटीस देऊन.

दुसऱ्या दिवशी पाकळी उजवी पडली. परत आल्यावर मी वाचणाऱ्याचं पॅकेज मागितलं, आणि त्याच्या सोबतीने आवाज आपोआप आला. सेटिंगं दांडीवर होतीच. दाजी दारात उभे होते. यंत्र सुरू झालं आणि नाकात बरोबर तेवढंच जाऊन म्हणालं, "मी इलंय." दाजींनी बाबलला विचारलं, तोच ना हा? बाबल म्हणाला, तोच. मग ते घरी गेले.

बाबलने पुढे काही वर्षं वाचनालय चालवलं. शेवटच्या आजारात त्याला पुस्तकं मीच वाचून दाखवायचो, पावण्यापेक्षा सावकाश. तो म्हणायचा, तुझा आवाज बरा आहे, पण तुला थांब म्हटलं तर तू वाईट वाटून घेतोस.

आता तिथे कॉलेजात शिकलेली एक हुशार मुलगी आहे. तिला डोळे आहेत. प्रत्येक कळ दाबली की यंत्र बोलतं, याचा तिला त्रास होणं साहजिक आहे. यंदा श्रावणात तिने मला बोलावलं आणि मी वाचणाऱ्याचं पॅकेज काढलं. सेटिंगं राहू दिली. यंत्राने खाली दुसरी यादी दाखवली. तिच्यात या वेळी आवाज होता. आपोआप आला होता, आता याची कुणाला गरज नाही. जागा थोडी मोकळी होईल, असंही यंत्राने सांगितलं.

मी पडदा तसाच ठेवून बाहेर आलो. यंदा हिवाळ्यात गावपळण आहे. दाजी आता नव्वदीकडे, त्यांना उचलून न्यावं लागणार. देवळाच्या पायरीवर ते बसले होते. झोपड्या कुणाच्या किती, याचा हिशेब चालला होता. मला बघून त्यांनी विचारलं, "पावण्याचा काय, मास्तरांनू? तुमच्याकडे धरू मा तेका?"

मी म्हटलं, तो आता कुणाशी बोलत नाही.

"माझो भाव खंय बोलत होतो?" दाजी म्हणाले, आणि आमच्या झोपडीत एक माणूस वाढवला.

मी वाचनालयात परत गेलो. असा एक हुकूम आहे, तो क्वचितच लागतो. यादीतल्या एखाद्या पॅकेजाबद्दल यंत्राला सांगता येतं की हे कुणाच्या मागोमाग आलेलं नाही, हे माणसाने मागून घेतलेलं आहे. मग यंत्र पुन्हा विचारत नाही. मी तो हुकूम दिला. यादीतून एक नाव कमी झालं.

कुणी मागून घेतलं, त्याची नोंद यंत्र ठेवत नाही. म्हणून इथे लिहून ठेवली.